सॉफ्टवेअर शेवटी निवडा, आधी फुटेज तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की गोव्यात दोन हंगाम एकदमच सुरू होतात, लग्नांचा आणि जत्रांचा. देवळांत काले होतात, पालख्या निघतात, मांडवात रात्री सुरू झालेले संगीत नाटक पहाटेपर्यंत चालते आणि हल्ली या सगळ्याचे चित्रीकरण होते. कुठे स्टुडिओवाला करतो, कुठे मंडळातलाच कॉलेजात जाणारा मुलगा. चित्रीकरण झाल्यावरचा प्रश्न मात्र फोंड्यापासून काणकोणपर्यंत एकच असतो : एडिटिंगसाठी फुकटातले सॉफ्टवेअर चालेल, की 'प्रोफेशनल'च घ्यावे लागेल? त्याची उत्तरे बहुतेक वेळा किमतीभोवती घोटाळत राहतात. माझे म्हणणे असे की किमतीचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आपल्याकडचे काम कसे आहे ते आधी बघावे. तीन-तीन तासांचे सलग रेकॉर्डिंग, रात्रीचा अपुरा उजेड, टाळ-पखवाजाचा आवाज आणि पडद्यावर मराठी अक्षरे, या चार गोष्टी ज्या सॉफ्टवेअरला पेलतात ते आपले. मग ते फुकट असो वा महाग.

मुळात 'स्वस्त' आणि 'प्रोफेशनल' यांच्यातली भिंत आता पूर्वीइतकी सरळ राहिलेली नाही. ब्लॅकमॅजिक कंपनीचे डाविंची रिझॉल्व्ह हे सिनेमाच्या रंगसंस्करणातून पुढे आलेले सॉफ्टवेअर आहे आणि त्याची बहुतेक सोयी असलेली आवृत्ती विनामूल्य मिळते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही दोन मुक्त सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहेत आणि व्हिडिओवर कसलाही शिक्का मारत नाहीत. उलट फिल्मोरासारखी 'सोपी आणि स्वस्त' म्हणून खपणारी सॉफ्टवेअर विनामूल्य आवृत्तीतून एक्स्पोर्ट करताना, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढताना, चित्रावर आपला वॉटरमार्क छापतात. मोबाइलवरच्या काइनमास्टरचेही तसेच. म्हणजे रात्रभर बसून काम केल्यावर देवाच्या पालखीवर कंपनीचे नाव दिसते आणि ते काढायचे तर पैसे भरा. मोफत म्हणून काही डाउनलोड केलेत तर पहिल्याच दिवशी दहा सेकंदांची क्लिप एक्स्पोर्ट करून बघा, शिक्का येतो की नाही ते कळेल. मोबाइलवरचे ॲप निवडताना आणखी एक ध्यानात ठेवावे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकबरोबर व्हिवाव्हिडिओ हे एडिटिंगचे ॲपही होते. ज्यांची अर्धवट कामे त्यात अडकली, त्यांना ती दुसरीकडे नेण्याची सोयच नव्हती.

आता निवड कशी करावी ते सांगतो. कॅमेऱ्यातल्या किंवा मोबाइलमधल्या आपल्या नेहमीच्या दोन-तीन फाइली घ्या आणि मीडियाइन्फो नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. पाच ओळी कागदावर उतरवा : फॉरमॅट, फ्रेम रेट मोड (सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, आणि ती एकसारखी की कमी-जास्त), बिट डेप्थ आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती बारकाईने साठवली), आणि बिट रेट (सेकंदाला किती डेटा). निम्मे उत्तर या पाच ओळींतच मिळते.

फ्रेम रेट मोडसमोर 'व्हेरिएबल' असे लिहिलेले असेल तर फाइल बहुधा मोबाइलची आहे. मोबाइल उजेडाप्रमाणे आणि प्रोसेसरवरच्या भाराप्रमाणे सेकंदाला कधी ३०, कधी २७, कधी २४ फ्रेम घेतो. प्लेअरला ते चालते, टाइमलाइनला, म्हणजे एडिटिंगमध्ये क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीला, चालत नाही, कारण ती सगळ्या फ्रेम समान अंतरावर मांडते. परिणाम असा होतो की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात आणि विसाव्या मिनिटाला गायकाचे तोंड मिटल्यावर सूर ऐकू येतो. लोक मग सॉफ्टवेअर बदलतात. रोग फाइलमध्ये आहे. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून व्हिडिओच्या पानावर 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, आकडा २५ किंवा ३० ठरवा, क्वालिटी आरएफ १६ ते १८ च्या दरम्यान ठेवा आणि बदललेली फाइल एडिटिंगला घ्या. शॉटकट आणि केडेनलाइव्ह अशी फाइल आल्यावर स्वतःहून विचारतात आणि बदलून देतात. घरगुती कामासाठी मी ही दोन सॉफ्टवेअर आधी सुचवतो त्याचे हे एक कारण आहे. अडोबी कंपनीचे प्रीमियर प्रो अशा फाइली घेते, पण लांब रेकॉर्डिंगमध्ये तिथेही आवाज घसरण्याची उदाहरणे आहेत. रिझॉल्व्हला मात्र अशी फाइल न बदलता देऊच नये.

२५ की ३० हा प्रश्नही इथेच सोडवावा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. मांडवातल्या ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० किंवा १/१०० वर असेल तर चित्र लुकलुकत नाही. मोबाइल ३० वर आणि कॅमेरा २५ वर असे मिश्र चित्रीकरण झाले, की ३० चे फुटेज २५ च्या टाइमलाइनवर टाकताना दर सहा फ्रेममधली एक गळते आणि पालखीमागून कॅमेरा फिरवलेल्या दृश्यात बारीक धक्के बसतात. कुठलेही सॉफ्टवेअर हे नीट दुरुस्त करू शकत नाही. चित्रीकरणापूर्वी सगळ्यांनी २५ ठरवावे, हाच उपाय. रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना : नवीन प्रोजेक्ट उघडल्यावर क्लिप आत घेण्याआधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमलाइन फ्रेम रेट २५ करा. एकदा क्लिप आत आल्या की तो आकडा बदलू देत नाही आणि अर्धे काम झाल्यावर हे लक्षात आले तर सगळे नव्याने मांडावे लागते.

जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइलींची तऱ्हा वेगळी. ३२ जीबीपर्यंतची कार्डे फॅट-३२ पद्धतीची असतात. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. त्यामुळे दोन तासांचे भजन कार्डावर तुकड्या-तुकड्यांनी उतरते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते एकच रेकॉर्डिंग असते. तुकडे सुटे उचलून टाइमलाइनवर ओळीने ठेवले, की काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाच्या जागी आवाज क्षणभर तुटतो, आणि तो नेमका तान रंगात आली असताना तुटतो. प्रीमियर आणि लग्नाच्या स्टुडिओंत चालणारे एडियस ही सॉफ्टवेअर कार्डाची पूर्ण फोल्डररचना वाचून तुकडे सांधतात, पण त्यासाठी कार्ड जसेच्या तसे, सगळ्या फोल्डरांसकट कॉपी केलेले हवे. नुसत्या एमटीएस फाइली निवडून कॉपी करणारे ही सोय स्वतःच्या हाताने घालवतात. मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर कॉपी आज्ञेला स्लॅश-बी जोडून आणि फाइलींच्या नावांमध्ये अधिकचे चिन्ह घालून तुकडे आधी एक करून घ्या. चित्राची प्रत त्यात कमी होत नाही.

तिसरा प्रकार नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचा. मीडियाइन्फोत बिट डेप्थ १० आणि क्रोमा ४:२:२ दिसले तर पैसे खर्च करण्याचे पहिले खरे कारण तुम्हाला सापडले. विंडोजवरच्या विनामूल्य रिझॉल्व्हमध्ये एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) प्रकारच्या अशा फाइलीचा आवाज येतो, चित्र येत नाही. शटर एन्कोडर या मोफत प्रोग्रॅमने ती प्रोरेस या एडिटिंगला सोप्या, पण आकाराने मोठ्या प्रकारात बदलता येते, पण हिशेब करून बघा. ४के आणि २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ एचक्यू तासाला सुमारे ३३० जीबी जागा खाते. एका कॅमेऱ्याचे तीन तासांचे नाटक म्हणजे जवळपास एक टेराबाइट. दोन कॅमेरे असले तर नुसत्या डिस्कवर होणारा खर्च दोन-तीन हंगामांत रिझॉल्व्ह स्टुडिओच्या, म्हणजे अशा फाइली थेट वाचणाऱ्या विकतच्या आवृत्तीच्या, किमतीला जाऊन भिडतो. स्टुडिओची किंमत २९५ डॉलर आहे, एकदाच भरायची. वर विनिमय दर आणि जीएसटी. एक परवाना एका वेळी दोन संगणकांवर चालतो. तरीही चित्र अडखळत असेल तर दोष संगणकाचा असतो. ४:२:२ चे एच.२६५ प्रोसेसरमध्येच उलगडण्याची सोय इंटेलच्या ११ व्या पिढीपासून आहे, एनव्हिडियाच्या कार्डांत ती आरटीएक्स ५० मालिकेत आली आणि ॲपलच्या एम मालिकेत पहिल्यापासून आहे. महागडे जुने ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकापेक्षा साधा नवा इंटेल प्रोसेसर हे फुटेज सुरळीत चालवतो. दुकानात हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो.

साध्या ८-बिट फाइलीसुद्धा जुन्या संगणकावर अडखळतात, त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एच.२६४ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम आणि पुढच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त झालेला बदल, अशी ती रचना असते. टाइमलाइनवर मधेच कुठे बोट ठेवले, की संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब करत यावे लागते. यावरचा उपाय प्रॉक्सी. मूळ फाइलीची हलकी प्रत बनवायची, काटछाट तिच्यावर करायची आणि एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल घेते. प्रॉक्सीची सोय प्रीमियरमध्ये आहे, रिझॉल्व्हच्या विनामूल्य आवृत्तीत आहे, केडेनलाइव्ह आणि शॉटकटमध्येही आहे. केडेनलाइव्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंगमधल्या प्रॉक्सीच्या पानावर एक खूण केली की ठरावीक रुंदीपेक्षा मोठ्या प्रत्येक क्लिपची प्रत ते स्वतःच बनवत राहते. ८ जीबी रॅमचा सात-आठ वर्षांपूर्वीचा संगणक यावर पूर्ण भजनी स्पर्धा एडिट करतो. रिझॉल्व्ह मात्र अशा संगणकावर लादू नये. त्याला १६ जीबी रॅम आणि किमान ४ जीबी मेमरीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवे, नाहीतर 'जीपीयू मेमरी फुल' असा संदेश देऊन ते मधेच थांबते. सॉफ्टवेअर फुकट मिळाले आणि त्याच्यासाठी संगणक नवा घ्यावा लागला, हा व्यवहार स्वस्तातला नव्हे.

आता मराठीकडे येतो. या बाबतीत जाहिराती, तुलनेचे तक्ते, इंग्रजी परीक्षणे यांतले काहीही उपयोगाचे नाही, कारण लिहिणाऱ्यांना देवनागरी लिहायचीच नसते. काही सॉफ्टवेअरमध्ये नावे टाइप केली, की ऱ्हस्व इकार अक्षराच्या चुकीच्या बाजूला जातो, जोडाक्षरे फुटतात आणि पाय मोडलेली अक्षरे तशीच छापली जातात. लग्नाच्या व्हिडिओत वधूचे नाव किंवा जत्रेच्या व्हिडिओत देवीचे नाव असे मोडके दिसणे हा मला किरकोळ दोष वाटत नाही. प्रीमियरच्या ज्या आवृत्त्यांत टेक्स्ट इंजिनचा पर्याय आहे, तिथे प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्स विभागात जाऊन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडावे आणि त्यानंतर मजकूर नव्याने टाइप करावा. आधी टाइप केलेला मजकूर आपोआप सुधारेल अशी आशा धरू नये. केडेनलाइव्हचा टायटल बनवणारा भाग देवनागरी व्यवस्थित जुळवतो. रिझॉल्व्हमध्ये साधे टेक्स्ट आणि टेक्स्ट प्लस ही दोन वेगळी साधने आहेत. दोन्हींत तपासून, जे नीट दिसेल ते वापरावे.

तपासायला ही एक ओळ पुरेशी आहे : 'श्रीमंगेशी, विठ्ठल, दर्‍याखोर्‍या, क्रिया, ज्ञानेश्वरी, पर्वरी, ळ'. यातले एकही अक्षर मोडले नाही तर ते साधन मराठीला लायक समजा. मोडले, तर मजकूर इंकस्केपमध्ये किंवा लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये लिहून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल बनवा आणि ती क्लिपसारखी टाइमलाइनवर ठेवा. आकार १९२० बाय १०८० ठेवावा, म्हणजे ताणावे लागत नाही. श्रेयनामावली सरकवायची असेल तर तेवढ्याच रुंदीची उभी लांब पीएनजी करून खालून वर नेता येते. जुन्या डीटीपी फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर पत्रिका छापणाऱ्याकडून जसाच्या तसा घेऊ नका. तो युनिकोड नसतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉण्ट नसला की नावाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. 'मुक्त' (Mukta), नोटो सान्स देवनागरी, बलू आणि टिरो देवनागरी मराठी हे युनिकोड फॉण्ट मोफत आहेत आणि व्यावसायिक कामातही वापरायला मोकळे आहेत. टिरोचे हे रूप खास मराठीसाठी केलेले, त्यामुळे ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

आवाजाबद्दल एकच धोक्याची सूचना देतो, पण ती महत्त्वाची आहे. हल्ली पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्त्यांत एका बटणावर 'आवाज स्वच्छ' करणारी साधने असतात. ती माणसाचे बोलणे ओळखतात आणि बाकीचे गोंगाट समजून दाबतात. मुलाखतीला ती उत्तम. भजनावर लावलीत तर टाळ-झांजांची किणकिण आधी जाते, मग हार्मोनियमचा सूर पोकळ होतो, आणि नाट्यगीताच्या मागची ऑर्गनची साथ मधूनमधून गायब होते. तिथे मिक्सरवरून घेतलेला आवाज आणि प्रेक्षकांत ठेवलेल्या रेकॉर्डरचा आवाज यांचे मिश्रण करणे हाच मार्ग आहे, आणि त्याला मोफत ऑडॅसिटी किंवा विनामूल्य रिझॉल्व्हमधला फेअरलाइट विभाग पुरतो. रेकॉर्डर आणि कॅमेरा यांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. तीन तासांत चार-पाच फ्रेमचा फरक सहज पडतो. म्हणून पूर्ण नाटकाचा आवाज एकदा सुरुवातीला जुळवून सोडून देऊ नये. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला कापून पुन्हा जुळवावा. पडद्यावर दिसणाऱ्या ध्वनिलाटांवरून (वेव्हफॉर्म) आवाज जुळवण्याची सोय प्रीमियर, रिझॉल्व्ह आणि केडेनलाइव्ह तिघांतही आहे. तीन कॅमेऱ्यांचे चित्र शेजारी-शेजारी चालवत बटण दाबून निवडण्यात मात्र रिझॉल्व्ह, प्रीमियर आणि एडियस स्पष्टपणे पुढे आहेत. शॉटकटच्या वाटेला या कामासाठी जाऊ नये.

रात्रीच्या चित्रीकरणात पैसे मोजण्याचे दुसरे कारण सापडते. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत होमकुंडाचा प्रकाश आणि भोवतालचा काळोख यांत चित्रावर रवाळपणा येतो. आजूबाजूच्या फ्रेम ताडून तो काढणारे साधन रिझॉल्व्हच्या फक्त स्टुडिओ आवृत्तीत आहे आणि ते खरोखर चांगले आहे. शॉटकटमध्ये 'रिड्यूस नॉइज एचक्यूडीएन३डी' नावाचा मोफत फिल्टर आहे, त्याने मध्यम रवाळपणा आटोक्यात येतो, पण जोर वाढवला की चेहरे मेणाचे दिसू लागतात. वर्षातून असे काम एकदाच येत असेल तर मोफत फिल्टरवर भागवावे.

पैशांचे गणित आता मांडता येते. प्रीमियरच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून फक्त वर्गणीवर मिळतात. महिना दोन हजार रुपये धरले तर तीन वर्षांत ७२ हजार होतात आणि चौथ्या वर्षी वर्गणी थांबवली तर जुना प्रोजेक्ट उघडतही नाही. आपला हंगाम साधारण सहा-सात महिन्यांचा. हंगामापुरती वर्गणी हवी असेल तर 'वार्षिक, पण हप्ता महिन्याचा' ही योजना घेऊ नका. तिच्यात पहिल्या १४ दिवसांनंतर मधेच सोडले तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरण्याची अट असते. ही अट ग्राहकांपासून झाकली, असा आरोप ठेवून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित सांभाळणाऱ्या संस्थेच्या शिफारशीवरून अमेरिकेच्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये अडोबीवर दावा दाखल केला. महिन्या-महिन्याची योजना दराने महाग असली तरी जूनमध्ये बंद करता येते. बंद करण्यापूर्वी प्रत्येक कामाची पूर्ण प्रतीची एक मास्टर फाइल आणि फायनल कट एक्सएमएल काढून ठेवावी. एक्सएमएल रिझॉल्व्हमध्ये उघडते. कुठे कापले आणि कुठे जोडले एवढे तरी जसेच्या तसे येते. इफेक्ट आणि अक्षरे बहुतेक येत नाहीत. ॲपलचे फायनल कट प्रो एकरकमी मिळते, पण मॅक असेल तरच.

मग वर्गणीचे प्रीमियर घ्यायचे तरी कोणी? ज्यांचे काम पुढे दुसऱ्याच्या हाती जाते त्यांनी. मुंबईच्या एखाद्या संस्थेकडून प्रोजेक्ट येतो आणि तिथेच परत जातो, ग्राफिक्स आफ्टर इफेक्ट्सवाला करतो, किंवा मुलाला त्या क्षेत्रात नोकरी धरायची आहे, अशा वेळी समोरचा वापरतो तेच वापरण्यात शहाणपण आहे. आवृत्तीसुद्धा तीच ठेवावी. नव्या आवृत्तीत एकदा उघडून सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत होत असल्याने लघुपट करणारी गोमंतकीय मुलेही वाढली आहेत. त्यांच्यासाठी एवढेच, की चित्रपटगृहात लागणारी डीसीपी बनवायला मोफत डीसीपी-ओ-मॅटिक चालते. लघुपट मात्र २४ फ्रेमवर करायचा की २५, हे चित्रीकरणाआधी ठरवावे, म्हणजे शेवटी वेग बदलून आवाज हलवावा लागत नाही.

लग्नाच्या शूटिंगवाल्यांच्या बोलीत एडिटिंगला 'मिक्सिंग' म्हणतात आणि तिथे अजून एडियसचे राज्य आहे. तयार टेम्प्लेट प्रोजेक्ट, झटपट काम आणि वर्षानुवर्षांची हाताची सवय यामुळे ते सोडवत नाही, आणि सोडावे असेही मी म्हणत नाही. परवाना घेतलेला असेल तर एडियस चांगले काम देते. अडचण चोरीच्या प्रतींची आहे. प्रीमियर असो वा एडियस, क्रॅक केलेली प्रत पेनड्राइव्हवरून फिरते आणि ती बसवताना अँटिव्हायरस बंद करा, अशी पहिली सूचना असते. स्टॉप नावाने ओळखले जाणारे खंडणीखोर व्हायरस अशाच क्रॅकमधून पसरतात. ते फाइलींना कुलूप लावतात आणि पैसे मागतात. सॉफ्टवेअर पुन्हा बसवता येते, लग्न पुन्हा लावता येत नाही. कायद्याच्या बाजूने बघितले तर प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार जाणूनबुजून चोरीची प्रत संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती व्यावसायिक कामालाही वापरता येत असताना हा धोका पत्करण्याचे काहीच कारण उरलेले नाही.

सॉफ्टवेअरवर वाचलेला पैसा डिस्कवर आणि यूपीएसवर घालावा. १०० एमबीपीएसचे फुटेज तासाला ४५ जीबी होते. तीन कॅमेरे आणि तीन तास म्हणजे ४०५ जीबी, आणि त्याच्या दोन प्रती हव्यात. एक प्रत दुसऱ्या घरात ठेवावी. बाहेरून जोडायच्या डिस्क अनेकदा एक्स-फॅट पद्धतीच्या असतात. त्यांत लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइलींची यादीच बिघडू शकते. विंडोजवरच काम असेल तर एनटीएफएस करून घ्याव्यात. पावसाळ्यात चार महिने डिस्क कपाटात उघडी ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि चवथीच्या आसपास एकदा जोडून फाइली उघडतात का ते बघावे. रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्याचा प्रोजेक्ट क्लिपच्या फोल्डरमध्ये नसतो, तो सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतो. संगणक फॉरमॅट केला की क्लिपा राहतात आणि महिन्याभराचे काम जाते. काम संपल्यावर प्रोजेक्ट मॅनेजरमधून प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून ती डीआरपी फाइल फुटेजशेजारी ठेवा.

सुपूर्द करतानाचीही एक अडचण नेहमी येते. यूट्यूबला १०८० च्या २५ फ्रेमच्या व्हिडिओसाठी ८ एमबीपीएस पुरते. तीन तासांचे नाटक त्या हिशेबाने १०.८ जीबी होते आणि १० एमबीपीएस अपलोडच्या जोडणीवर चढायला अडीच तास घेते. तीच फाइल पेनड्राइव्हवर हवी असेल आणि पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर कॉपीच होत नाही. एक्स-फॅट केला तर घरातला जुना टीव्ही तो वाचत नाही. म्हणून प्रत्येक अंकाची वेगळी फाइल करावी आणि एखादी ४ जीबीवर गेली तर तिचे दोन भाग करावेत.

शेवटी देवस्थान समित्या, भजनी मंडळे, शाळा आणि पंचायतींना एक कळकळीची विनंती. चित्रीकरणाचे काम देताना किंवा शाळेच्या प्रयोगशाळेसाठी सॉफ्टवेअर घेताना दरपत्रकात नुसता 'प्रोफेशनल एडिटिंग' हा शब्द मान्य करू नका. मराठी मजकुराचा नमुना एक्स्पोर्ट करून मागा. सॉफ्टवेअर वर्गणीचे आहे की एकरकमी, आणि वर्गणी संपल्यावर मुलांची कामे उघडतील का, ते लेखी घ्या. तयार व्हिडिओबरोबर अक्षरे नसलेली एक स्वच्छ मास्टर प्रत आणि मूळ फुटेज संस्थेच्या डिस्कवर मिळेल, ही अट घाला. आज नाटकात गाणारा वृद्ध गायक नट दहा वर्षांनी नसेल, आणि तेव्हा त्याचे पद ऐकायचे म्हटले तर यूट्यूबवरची दाबलेली प्रत उपयोगाची नाही. ती डिस्क कोणाच्या नावावर, कुठल्या कपाटात आहे, याची नोंद मंडळाच्या वहीत आजच करता येईल.

आपला,
एक व्हिडिओ संकलक, फोंडा – गोवा